निळं कार्ड, सोनेरी कार्ड

इद्रीसभाईंनी तिसऱ्यांदा कुबराबीच्या कानाशी तोंड नेलं, तळव्यांचा पोंगा केला आणि सगळा दम एकवटून सांगितलं, की निळ्या कार्डाला महिन्याला अडीच टक्के पडतात आणि सोनेरीला पावणेतीन. कुबराबीने मान डोलावली आणि भाताचं पातेलं खाली उतरवलं. नवरा काहीतरी विचारतोय आणि हो म्हटलं की गप्प बसेल, एवढंच तिला कळलं होतं. खिडकीबाहेरच्या गल्लीला मात्र अक्षर न् अक्षर कळलं. शिफ्ट सुटलेले दोन कारागीर तिथे बिडी ओढत उभे होते. त्यातला एक आत डोकावून म्हणाला, "चाचा, पावणेतीन मत लेना. ज्यादा है."

बहिऱ्या बायकोशी संसार करणाऱ्या माणसाला खासगी असं काही उरत नाही. साखर संपल्यापासून पोट बिघडल्यापर्यंत इद्रीसभाईंच्या घरातलं सगळं भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीला ठाऊक असायचं. बरं, माणूस मुळात हळू बोलणारा. हायस्कुलाच्या कचेरीत उभी हयात कारकुनी केली, पण हेडमास्तरांपुढे कधी आवाज चढला नाही. तो सगळा शिल्लक राहिलेला आवाज त्यांना घरी वापरावा लागत होता.

कुबराबीचे कान लूमने, म्हणजे यंत्रमागांनी, खाल्ले होते. घराची मागची भिंत आणि गुलाम हुसेनशेठच्या कारखान्याची भिंत एकच. नवी नवरी होऊन आली तेव्हा त्या खडखडाटात तिला झोप येत नसे. पुढे पुढे तो थांबला की जाग यायला लागली. त्यात पोरीच्या, शकिलाच्या, शिक्षणासाठी तिने कैक वर्षं त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. धुता धुता कापडाचा रंग जावा तसं तिचं ऐकणं गेलं. कधी गेलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी गल्ली इतकी चूप असायची, की कानाशी मोठ्याने बोललं तर कुबराबीला बरंचसं कळायचं. म्हणून नवराबायकोची महत्त्वाची बोलणी शुक्रवारी व्हायची. भांडणंसुद्धा शुक्रवारपर्यंत राखून ठेवावी लागत आणि तोवर ती शिळी होऊन जात.

आता टक्क्यांसारखी गोष्ट शुक्रवारपर्यंत का थांबली नाही, तर सोनेरी कार्डवाली मुलगी उद्याच फॉर्म घ्यायला येणार होती. आणि हे कार्डाचं झेंगट मागे लागलं ते एका फोनमुळे.

शकिला लग्न होऊन कुवेतला गेली होती. दर शुक्रवारी गुलाम हुसेनशेठच्या गादीवर, म्हणजे कारखान्याच्या पेढीवर, तिचा फोन यायचा. आधी बाबा बोलायचे, मग अम्मा. अम्माला कमी ऐकू येतं एवढं पोरीला ठाऊक होतं, पण रिसीव्हरमधून एक शब्दही कळत नाही हे अम्माने तिला कधी कळू दिलं नव्हतं. परमुलखात पोरीच्या जिवाला घोर नको. रिसीव्हर कानाला लावायचा, थोडा वेळ धरायचा आणि हसून म्हणायचं, "अल्लाचा शुकर हाय बाय. लय बरं झालं. जपून ऱ्हा." एवढ्यावर तिने दोन वर्षं काढली. सत्याण्णवच्या जानेवारीत शकिलाचा फोन आला तेव्हा इद्रीसभाई नमाजाहून अजून परतले नव्हते. रिसीव्हर आधी अम्माकडे गेला. शकिला रडत सांगत होती, की तिसऱ्या महिन्यातच पोट रिकामं झालं. अम्मा हसून म्हणाली, "अल्लाचा शुकर हाय बाय. लय बरं झालं."

इद्रीसभाई आले, त्यांनी रिसीव्हर हातात घेतला. मग शकिलाने तेच त्यांना सांगितलं आणि फोन ठेवून दिला. अम्माच्या कानांबद्दल त्यांनी पुढच्या शुक्रवारी तिला समजावून बघितलं. पण गादीवर शेठ, दिवाणजी, चार गिऱ्हाइकं बसलेली, त्यात लाइन सारखी तुटत होती. पोरगी नुसती हं हं करत राहिली, तिला कितपत कळलं कोण जाणे. त्यानंतर ती फक्त बाबांशीच बोलायची. शेवटी "अम्माना सलाम सांगा" एवढं म्हणायची. आपण काय बोलून बसलो हे कुबराबीला कळलं तेव्हा तिने रडारड केली नाही. पण त्या दिवसापासून ती गादीची पायरी चढली नाही.

जूनमध्ये शकिलाने पुन्हा गोड बातमी दिली. दिवस डिसेंबरातले होते. पोर झाल्यावर पहिला फोन येईल तो कुबराबीने स्वतःच्या कानाने ऐकला पाहिजे, हे इद्रीसभाईंनी मनाशी पक्कं केलं. त्या माणसाने आयुष्यात फार गोष्टींचा हट्ट धरला नव्हता, हा एक धरला.

ते तिला घेऊन मुंबईला कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने दुकान सांगितलं. दुकानदाराने शेंगदाण्याएवढं परदेशी यंत्र कुबराबीच्या कानात बसवलं आणि कळ फिरवली. ती दचकली. वर पंख्याकडे बघितलं. रस्त्यावर कोणीतरी भोंगा वाजवला तशी तिची मान तिकडे वळली. इद्रीसभाईंनी विचारलं, येतंय का ऐकू? तिने त्यांच्याकडे वळून बघितलं आणि बघतच राहिली.

"तुमचा आवाज असा कवा झाला?" ती म्हणाली. "म्हाताऱ्या मानसासारखा?"

इद्रीसभाईंनी घसा खाकरला आणि यंत्राची किंमत विचारली. चार महिन्यांचा पगार. दुकानदार भला होता. तो म्हणाला, एकदम नको, कार्ड आहे का? इद्रीसभाईंनी वरच्या खिशातून शाळेचं ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. दुकानदार हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. त्याने समजावलं, की असं असं प्लास्टिकचं कार्ड असतं, बँक देते, आज वस्तू न्यायची आणि पैसे पुढे द्यायचे.

पैशांची सोय तशी होती. गल्लीतल्या बायकांच्या भिशीत कुबराबीचा नंबर डिसेंबरच्या मध्यावर लागणार होता, थोडी शिल्लक होती. पण यंत्राची सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो असं डॉक्टर म्हणाला होता, म्हणजे यंत्र ऑक्टोबरच्या अखेरीला कानात हवं. मधल्या दिवसांचा काय तो प्रश्न. गुलाम हुसेनशेठकडे मागितले असते तर त्यांनी दिलेही असते. पण भिंतीला लागून असलेले लूम पलीकडे सरकवा म्हणून इद्रीसभाई वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागले होते. एकदा पैसे घेतल्यावर ते बोलायला तोंड राहिलं नसतं.

आणि कार्डवाले तर शाळेत आपणहून यायला लागले होते. त्यांना पगारपत्रक असलेली माणसं हवी होती. गुलाम हुसेनशेठकडे मोटार होती, पण पगारपत्रक नव्हतं. इद्रीसभाईंकडे चप्पलसुद्धा शिवलेली, पण पगारपत्रक अगदी सहीशिक्क्यासह. एका बँकेचा टाय लावलेला मुलगा निळं कार्ड घेऊन आला, दुसऱ्या बँकेची मुलगी सोनेरी घेऊन आली. दोघांनीही चकचकीत कागद दिले आणि दोघांनीही आपलंच कसं चांगलं ते सांगितलं. तिथून पुढे इद्रीसभाईंच्या डोक्याचं जे भजं झालं ते काही विचारू नका.

निळ्याचं व्याज कमी, पण त्याला दरवर्षी फी. सोनेरीला पहिल्या वर्षी फी नाही, पण व्याज जास्त. निळ्यावर अपघाताचा विमा फुकट, सोनेरीवर पॉइंट फुकट. विम्याचे पैसे मिळवायला मरावं लागणार होतं. पॉइंट साठले तर इस्त्री मिळणार होती. गणिताच्या मुनीर सरांनी मधल्या सुट्टीत खडू घेऊन हिशेब मांडला आणि सांगितलं, की इस्त्री मिळवायची तर इद्रीसभाईंना अख्ख्या गल्लीसाठी कानाची यंत्रं घ्यावी लागतील. पुढे ते असंही म्हणाले, की महिन्याचा अडीच टक्का म्हणजे वर्षाचा तीस टक्का असं समजू नका, व्याजावर व्याज चढतं, ते त्याहून वर जातं. शिक्षकांच्या खोलीत सरळ दोन पक्ष पडले. ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं ते सगळ्यात जोरात बोलत होते.

नाक्यावर पंढरीचं चहाचं दुकान होतं. पंढरी मूळचा जवळच्या राहनाळ गावचा, पण पोरवयापासून इथलाच. तो आणि इद्रीसभाई एका वर्गात नापास झालेले. तिथेही कार्डाचीच चर्चा. पंढरीचं मत स्पष्ट होतं: "सावकार पाच टक्के घेतो आनि वर शिव्या देतो. यो अडीच घेतो आनि टाय लावून येतो. मंग वाईट काय हाय?" गुलाम हुसेनशेठ मोटारीतून उतरून चहाला थांबले होते, त्यांना सगळीच गंमत वाटली. पंचेचाळीस दिवसांची उधारी देतात म्हणून केवढं कौतुक? सूतवाला आपल्याला दोन-दोन महिने देतो, नुसत्या तोंडावर. ना कार्ड, ना सही. मुंबईचा दुकानदार इद्रीसभाईंना तोंडावर का देत नाही, असं त्यांनी विचारलं.

सगळ्यात मोठा घोळ किमान रकमेचा. कागदावर लिहिलं होतं, की दर महिन्याला किमान पाच टक्के भरा. इद्रीसभाईंना दोन रात्री झोप लागली नाही. पाच टक्के भरले तर बाकीचं काय, माफ? त्यांनी टायवाल्या पोराला गाठून विचारलं. तो म्हणाला, बाकी अगले महीने, सर. आणि पुढच्या महिन्यात? फिर पाँच परसेंट, सर. मग हे संपणार कधी? पोरगा गोड हसून म्हणाला, "आराम से, सर." बरोबर होतं त्याचं. त्याला काय घाई?

शुक्रवारी लूम थांबले तेव्हा त्यांनी हे सगळं कुबराबीच्या कानी घातलं. टक्के, दिवस, पॉइंट, फी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, व्याज द्यावं लागंल का?

"वेळेवर फेडलं तर न्हाय."

"सुदाचा एक पैसा जरी लागला तर मी ता कानात घालनार न्हाय," कुबराबी म्हणाली. "ज्या कानानं अजान ऐकायची त्यात सुदाचा कसा घालू?"

घ्या. म्हणजे आता टक्क्यांची तुलनाच निकालात निघाली. इद्रीसभाई मौलानांकडे गेले. मौलानांनी चष्मा लावून दोन्ही कागद उलटसुलट वाचले, बराच वेळ दाढी कुरवाळली आणि म्हणाले, की वेळेवर फेडलं तर व्याज नाही, सोनेरीला तर फीसुद्धा नाही, मग बँकेला काय मिळतं? हे कळल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. इद्रीसभाईंनाही ते रास्त वाटलं. त्यांनी सोनेरी कार्डवाल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आपका भरोसा मिलता है, सर." हे उत्तर मौलानांना कसं सांगायचं, म्हणून ते पुन्हा तिकडे गेलेच नाहीत.

शेवटी उरले दिवस. निळं पंचेचाळीस देत होतं, सोनेरी बावन्न. भिशीपर्यंत पोचायला बावन्नच हवे होते. त्यातही गोम होती: बावन्न दिवस म्हणजे बावन्न 'पर्यंत'. बिल निघाल्यावर दुसऱ्या दिवशी घेतलं तर पुरते बावन्न, आणि बिलाच्या आदल्या दिवशी घेतलं तर जेमतेम वीस-बावीस. कोणत्या तारखेला दुकानात पाऊल टाकायचं हे त्यांनी मुनीर सरांकडून तीनदा तपासून घेतलं. मग त्या रात्री, ज्या रात्री कारागिरांनी खिडकीतून सल्ला दिला त्या रात्री, वेळ चुकलीच तर किती व्याज पडेल तेही बायकोला ओरडून सांगून त्यांनी एकदाचं ठरवलं. सोनेरी. दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरीच आली, कुबराबीच्या हातचा चहा प्यायली, फॉर्मवर सह्या घेतल्या, फोटो घेतला आणि म्हणाली, पंधरा दिवसांत कार्ड घरपोच.

पंधरा दिवसांचे वीस झाले. इद्रीसभाई रोज शाळेतून आले की आधी दाराच्या फटीखाली बघायचे. ऑक्टोबर संपत आला. अशाच एका संध्याकाळी नाक्यावरून जाताना पंढरीने त्यांना हाताला धरून बाकड्यावर बसवलं. चेहरा असा, जणू आज त्याने वाघ मारला होता. न मागता मलईचा चहा पुढे ठेवला आणि आवाज खाली आणून सांगायला लागला.

दुपारी एक फाइलवाला आला होता. बॅग, बूट, गळ्यात पट्टी. आधी इद्रीसच्या दारावर बडवत होता, चांगला बराच वेळ. वहिनीने काही दार उघडलं नाही. मग समोरच्या हबीबाखालाला विचारलं, तिने ऐकलं न ऐकलं केलं. मग इथे आला आणि पूर्ण नाव घेऊन विचारलं, की हा माणूस इथे राहतो का, किती वर्षं राहतो, कसा आहे.

"मी सांगितलं, असा कोन मानूस हितं ऱ्हात न्हाय," पंढरी म्हणाला. "नावच ऐकलं न्हाय कवा. कारखान्यातली पोरं पन त्याच बोलली. पार परतवला त्याला."

गल्लीची ती रीतच होती. परका माणूस हातात फाइल घेऊन आला आणि कोणाचं पूर्ण नाव घेऊन विचारायला लागला, की नाव गिळायचं. विजेच्या मीटरवाला असो, विक्रीकराचा असो, समन्सवाला असो. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर तर ही रीत लहान पोरांनाही शिकवावी लागली नव्हती. ज्याच्यावर जीव आहे त्याला ओळखत नाही म्हणायचं. आणि इद्रीसभाईंवर तर सगळ्यांचाच जीव होता.

इद्रीसभाईंना पहिल्यांदा काही उमगलंच नाही. त्यांनाही वाटलं, कोण बरं असेल? आपण तर कोणाच्या अध्यात ना मध्यात. चहा अर्धा झाल्यावर त्यांच्या हातातली बशी खाली आली. त्यांनी विचारलं, बॅगेवर काही लिहिलं होतं का? पंढरी म्हणाला, सोनेरी अक्षरं होती काहीतरी. मग पंढरीच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत गेलं, कारण इद्रीसभाई उठून उभे राहिले होते आणि चहा सांडून त्यांच्या पायजम्यावर पडला होता तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांना राग आला होता का? आला होता. पण कोणावर काढायचा, तेच कळत नव्हतं. पंढरीने शत्रुत्व केलं असतं तर भांडता आलं असतं. आणि सगळ्यात आतली गोष्ट तर कोणाला सांगण्यासारखीच नव्हती: तो माणूस दारावर बडवत होता तेव्हा कुबराबी दारापासून चार हातांवर तांदूळ निवडत बसली होती.

सोनेरी कार्डवाल्या मुलीचा नंबर फिरवला. ती म्हणाली, सर, पत्ता तपासणाऱ्याचा रिपोर्ट आलाय, त्या पत्त्यावर अशा नावाचं कोणी राहत नाही. इद्रीसभाई म्हणाले, अहो, तुम्ही स्वतः त्या पत्त्यावर चहा प्यायलात. ती म्हणाली, हो सर, चहा छानच होता, पण मी सेल्समध्ये आहे आणि रिपोर्ट दुसऱ्या खात्याचा असतो. तिने ज्या हळहळीने सांगितलं ती खोटी वाटली नाही. ज्या घरात त्यांचं लग्न झालं, पोरगी जन्मली, आईबापांचे जनाजे निघाले, त्या घरात आपण राहत नाही, हे कुठेतरी कागदावर लिहिलं गेलं होतं.

पंढरीने ते मनाला फारच लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून, धुतलेला सदरा घालून तो हटूनच बसला, की मुंबईला बँकेत जायचं. मीच खोटं बोललो, मीच जाऊन सांगतो. दोघं गेले. थंडगार काचेच्या ऑफिसात काउंटरवरच्या बाईपुढे पंढरी हात जोडून उभा राहिला आणि इद्रीसभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाई, यो इद्रीस हाय. मी याला चड्डीत असल्यापासना वलखतो. यो तितंच ऱ्हातो." बाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, की एकदा नाकारलेला अर्ज सहा महिने पुन्हा करता येत नाही. पंढरी म्हणाला, पण मी सांगतोय ना, मी खोटं बोललो. बाईने विचारलं, तुम्ही कोण? तुमच्याकडे काही ओळखपत्र आहे?

परत येताना पंढरी ठाण्यापर्यंत स्वतःलाच शिव्या घालत होता. इद्रीसभाईंनाच त्याची समजूत काढावी लागली.

निळं कार्ड होतं अजून. इद्रीसभाईंनी तेही करून बघितलं, बावन्न नाही तर पंचेचाळीस, भिशीवाल्या बायकांच्या हातापाया पडू. या वेळी अख्खी गल्ली सज्ज होती. फाइल घेऊन आलेला कोणताही माणूस दिसला की पोरं धावत जाऊन सांगायची, इद्रीसचाचा यहीं रहते हैं, बहुत अच्छे आदमी हैं. त्या भरात एका पोलिओवाल्या बाईला आणि एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला इद्रीसभाईंच्या दारात आणून सोडलं. निळ्या बँकेचा माणूस मात्र आलाच नाही. टायवाला पोरगा शाळेत येऊन सांगून गेला, की वरून हुकूम आहे, भिवंडीचे अर्ज तूर्त घ्यायचे नाहीत. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. जाताना त्याने विचारलं, सर, ठाण्यात कोणी नातेवाईक आहे का, त्यांचा पत्ता चालेल. इद्रीसभाई म्हणाले, बाबा रे, आता मी आणखी कुठे राहत नाही ते मला कळायला नको.

शुक्रवारी त्यांनी कुबराबीला सांगितलं, की बँकेने दिलं नाही, माझं वय जास्त झालं. दारावर बडवणाऱ्या माणसाचं सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही. कुबराबीने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, भिशी आल्यावर बघू. भिशीला अवकाश होता आणि पोरीचे दिवस भरत आले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज होऊन लोक पांगत होते, तेव्हा गुलाम हुसेनशेठ स्वतः चालत दारात आले आणि म्हणाले, इद्रीसभाई, कुवेत. इद्रीसभाई चपला न घालताच निघाले. गादीवर पोचून रिसीव्हर उचलला तेव्हा त्यांना दिसलं, की कुबराबी मागोमाग आली आहे. जानेवारीनंतर पहिल्यांदा. ती पायरी चढून आत आली आणि गल्ल्याच्या टेबलाशी पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. पायरीवर हबीबाखाला होती, पंढरी होता, कारखान्यातले दोघंतिघं होते. शेठ आपल्या खुर्चीत बसले आणि उगाच वह्या चाळायला लागले.

मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. शकिलाचा आवाज थकलेला आणि हसरा होता. मग तिने विचारलं, की अम्मा आहे का तिथे?

"हाय," इद्रीसभाई म्हणाले. "समोर उभी हाय. पन तिला ऐकू येत न्हाय, शकिला. त्या दिशी पन आलं न्हवतं. तिनं तुज्यापासना लपवलं. मी मशीन घेनार होतो, जमलं न्हाय मना." हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. गादीवर लोक होते त्याची त्यांना पर्वा राहिली नव्हती.

मग शकिला म्हणाली, "मंग तुमी सांगा, बाबा. मी बोलते तसाच सांगा तिला."

लूमच्या खडखडाटात तोंड कानाशी नेऊन काही उपयोग नसतो. कारखान्यात काम केलेली सगळीच माणसं ओठांवरून बोलतात. मीठ कमी आहे, दार लाव, चल निजू, असलं साधं बोलणं कुबराबी नवऱ्याच्या ओठांवरून केव्हाच वाचायला शिकली होती. टक्के आणि पॉइंट तेवढे तिला वाचता आले नव्हते. आज लूम बंद होते, कानाशी ओरडता आलं असतं, पण पोरीचे शब्द ओरडून सांगण्यासारखे नव्हते. इद्रीसभाई तिच्याकडे पूर्ण वळले, रिसीव्हर कानाला घट्ट दाबला आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवत सांगायला लागले.

"अम्मा, पोरगी झाली. तुज्यासारखी नाकेली हाय."

कुबराबीचे डोळे त्यांच्या तोंडावर खिळले होते.

"अम्मा, मी तुज्यावर रागावले न्हवते." इथे त्या साठीला आलेल्या माणसाचे ओठ थरथरले. बायकोला अम्मा म्हणणं त्याला जड गेलं नव्हतं. पुढचं जड गेलं. त्यांनी ते पुन्हा एकदा, नीट तोंड उघडून म्हटलं. "रागावले न्हवते. मना वाटलं, तुला माजं दुख्ख कललं न्हाय."

बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. कुबराबी बोलली ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली. "इला सांगा, मना काय बी ऐकू आलं न्हवतं. इला सांगा, मी त्या दिवसापासना नीट जेवले न्हाय."

सांगायची गरज नव्हती, शकिलाने ते थेट ऐकलं होतं. पायरीवरची माणसं एकेक करून खाली उतरली. गुलाम हुसेनशेठनी वही मिटली आणि तेही बाहेर जाऊन मोटारीला टेकून उभे राहिले.

कुबराबीने पुढे होऊन पदराच्या टोकाने नवऱ्याचं तोंड पुसलं, ओठ नीट दिसावेत म्हणून.

"आनि काय बोलते?" तिने विचारलं.

पोरगी पलीकडे रडत होती, तिला बोलायला वेळ लागणार होता. इद्रीसभाई रिसीव्हर कानाशी धरून, तोंड थोडं उघडं ठेवून, तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत उभे राहिले.